सिद्धूचा कोपरा

“दादा, डावीकडनं मारलं तुमाला. डावीकडनं.”

हेडफोनमधून उत्कर्षाचा आवाज आला तेव्हा पडद्यावर दीपकचा सैनिक दारातच आडवा झाला होता. डावा कोपरा सांभाळायचं काम त्याचं स्वतःचं. आणि हा बघत होता उजवीकडे.

आता तुम्ही म्हणाल, पस्तिशी ओलांडलेल्या, दोन पोरींच्या बापाने बंदुकांचे खेळ खेळायचे? खेळतो बाबा. इंदापूरच्या स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. दिवसभर लोकांच्या फुटक्या काचा बदलायच्या आणि संध्याकाळी शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरपुढे बसायचं. दारू नाही, पत्ते नाहीत, एवढा एकच नाद. बायकोनेही त्यावरून कधी कटकट केली नाही.

तिघांचा संघ होता. दीपक, मेडिकलच्या दुकानात काम करणारी उत्कर्षा आणि निमगाव केतकीचा सिद्धू, पानमळेवाला. शत्रू घरात दडून बसलेला असतो, आणि एकेक खोली करत ते घर मोकळं करायचं, असा हा खेळ. त्याची रीत ठरलेली. दीपकने पहिला आत शिरायचं आणि डावा कोपरा धरायचा. त्याच्या पाठोपाठ सिद्धू, तो उजवा धरणार. उत्कर्षा मागून समोरचं बघणार. सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे दुसऱ्याच्या कोपऱ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, कारण मान वळली की आपला कोपरा उघडा पडतो. सिद्धू आत आला की म्हणायचा, “माज्याकडं न्हाय कुनी.” तेवढं ऐकलं की दीपक निर्धास्त व्हायचा. इतक्या वर्षांत सिद्धूचा कोपरा त्याने कधी पाहिलाच नव्हता.

मग उसाच्या हंगामात, वरकुट्याच्या रस्त्याला, बिनदिव्याच्या ट्रॉलीवर सिद्धूची मोटरसायकल जाऊन आदळली. जागेवरच गेला बिचारा.

पुढे बरेच दिवस कोणी खेळायचं नावही काढलं नाही. शेवटी उत्कर्षानेच बारामतीचा निहार शोधून आणला. डॉक्टरांचा मुलगा, बोलणं शहरी, हात मात्र सफाईदार. उजवा कोपरा धरायचा आणि स्वच्छ सांगायचा, उजवीकडे कोणी नाही. आणि दर वेळी दीपकची मान उजवीकडे वळायची. निहारवर भरवसा नव्हता अशातला भाग नाही. त्याला वाटायचं, तिथे कोणीतरी आहे. भिंतीला टेकून, मुकाट्याने उभं आहे. बघावं तर नुसती भिंत, आणि तोवर डावीकडून गोळी आलेली असायची.

पुढे पुढे हे दुकानातही व्हायला लागलं. घरात जेवायला गेला तरी उंबऱ्यातून आधी उजव्या कोपऱ्यात नजर. बायकोने विचारलंही, काय शोधताय? सांगणार काय, कपाळ!

डावीकडनं मार खाल्ला त्या संध्याकाळी, निहार खेळातून बाहेर पडल्यावर, उत्कर्षाने सरळ विषय काढला. रविवारी बारामतीत स्पर्धा आहे, त्याआधी काय ते ठरवा. त्या पोराला त्याचा कोपरा द्या, नाहीतर आपण संघ मोडून टाकू.

“रोज सिद्धूला नव्यानं पोचवून येतोय आपण,” ती म्हणाली. “माज्यानं न्हाय व्हत आता.”

सकाळी दीपक निमगावला गेला. सिद्धूची आई सारजाबाई ओट्यावर खाऊची पानं एकावर एक लावत बसली होती. खेळात सिद्धूच्या जागी दुसरा घेतलाय, तुमच्या कानावर घालावं म्हणून आलो, असं त्याने चाचरत सांगितलं. तिने मान वर केली नाही. पोराच्या जागेवर दुसरा म्हटल्यावर कोणत्या आईला बरं वाटेल?

“पर माजा सिद्धू करायचा काय तितं?” तिने विचारलं.

दीपकने ओट्यावरच पानांची खोली मांडली. हे दार, हा माझा कोपरा, हा सिद्धूचा. ती लक्ष देऊन बघत राहिली.

“आन गोळी लागली म्हंजे?”

“मरतो.”

“मंग?”

“पुढच्या डावाला उठतो, मावशी.”

सारजाबाईने एक पान उगाच पदराने पुसलं. दीपकला वाटलं, झडली का नाही आपली जीभ हे बोलण्याआधी.

मग तिने डावीकडच्या पानावर बोट ठेवलं. “ह्यो तू. तुज्याकडं कोन बघायचं?”

“कुनी न्हाय. मी हाय म्हनून सिद्धू तिकडं बघायचाच न्हाय.”

“कदीच न्हाय?”

“कदीच न्हाय.”

“मंग बघ की बाबा तुजं तू,” ती पानं गोळा करत म्हणाली. “त्यो काय आता बघाया येनार न्हाय.”

ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. चहा घेऊनच जा, असं म्हणून ती आत गेली, आणि दीपक ओट्यावर एकटाच डोळे पुसत बसला.

रविवारी बारामतीच्या सभागृहात निहार त्याच्या शेजारच्या खुर्चीत होता, उत्कर्षा पलीकडच्या. सुरुवातीच्या खोल्या कशाबशा निभावल्या. शेवटच्या दाराशी आल्यावर मात्र दीपकच्या मानेला ओढ लागली, अगदी कोणी हनुवटी धरून उजवीकडे फिरवावी तशी. त्याने दात आवळले, आत शिरला आणि डावीकडे बघितलं. कपाटाआड दबा धरून बसलेला गडी त्याने पाडला. त्याच क्षणी पाठीमागे गोळी वाजली.

“उजवीकडे एक होता,” निहार म्हणाला. “आता कोणी नाही.”

घर मोकळं झालं, डाव जिंकला. लोक टाळ्या वाजवायला लागले. पुढचा डाव सुरू व्हायला थोडा अवकाश होता, तेवढ्या वेळात निहारचा सैनिक खुशीत खोलीभर उड्या मारत होता. दीपकचा सैनिक होता तसाच उभा होता, डाव्या भिंतीकडे तोंड करून. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. पण वळला असता तर मागे सिद्धूच्या जागी निहार दिसला असता.

“दादा, झालं की. वळा आता,” उत्कर्षा हळूच म्हणाली.

“व्हय,” दीपक म्हणाला, आणि पुढचा डाव लागेपर्यंत भिंतीकडेच बघत राहिला.