सात मजल्यांचा फुगा

फुगा वर गेला आणि थोरली हातातली ओली चादर तशीच धरून वर बघत राहिली.

गल्लीत तीन मजल्यांपेक्षा उंच बांधायला बंदी होती. आता नगररचना खात्याचं म्हणणं असं, की शहराने नदीपलीकडच्या शेतांत पसरण्यापेक्षा इथेच सात मजले उभे राहावेत. ते किती उंच दिसतील हे लोकांना कळावं म्हणून गॅसचा लाल फुगा दोरीने तेवढ्याच उंचीवर सोडायचा आणि खाली जमलेल्यांचा कौल घ्यायचा. हे काम घेऊन आली होती थोरलीची सख्खी धाकटी बहीण, आणि फुगा बांधला होता थोरलीच्याच गच्चीच्या कठड्याला.

या गच्चीवर थोरलीच्या लॉन्ड्रीचे कपडे वाळत. समोर सात मजले आले की ऊन गेलं, आणि ऊन गेलं की धंदा बसला.

"वाळवायचं मशीन घे," धाकटी म्हणाली.

"विजेचं बिल काय तुझा बाप भरणार?"

"माझा आणि तुझा एकच होता, ताई. त्याने कधी कुठलं बिल भरलंय?"

दोघींपैकी कुणी हसलं नाही. दोरीवरची सात मजल्यांची खूण कठड्याशी जुळवून, गाठ आवळून धाकटी खाली गेली.

वारा असला की फुगा कलतो आणि बुटका दिसतो. म्हणून थोरलीने वारा पडू दिला. मग गाठ सोडली, दोरी हातातून भरभर सरकू दिली आणि पुन्हा बांधली.

खाली गलका उठला. "हे सात मजले? का सतरा?" औषधवाला ओरडला. "आमच्या उरावर थडगं बांधताय होय!"

धाकटी धापा टाकत वर आली. कठड्यावरची गाठ पाहून जागीच थांबली.

"मी निरगाठ मारली होती. ही सुरगाठ आहे. एका ओढीत सुटणारी."

थोरलीने ओठ चावला. पावसाची सर आली की कपड्यांच्या दोऱ्या झटक्यात सोडाव्या लागत; तिच्या हाताला दुसरी गाठ ठाऊकच नव्हती.

"हो, सोडली. काय करशील?"

"तुझी लेक दोन बस बदलून तुला भेटायला येते. या गल्लीत तिला खोली का मिळत नाही, विचारलंस कधी?"

"तिच्या नावाने माझं ऊन मागू नकोस!"

धाकटीने फुगा खुणेपर्यंत खाली ओढला. खाली आणखीच भडका उडाला.

"आता खाली घेताय? डोळ्यांत धूळ फेकता?"

"खरं काय ते सांग त्यांना," धाकटी म्हणाली. "तुझं ऐकतील."

थोरली कठड्याशी गेली. सगळी गल्ली मान वर करून बघत होती.

"आधीचाच खरा होता," ती ओरडली. "मी हातसुद्धा लावलेला नाही!"

खाली विरोधाचे हात वर झाले. धाकटीने मोजले, कारण तेही तिचंच काम होतं.

"सोमवारी नदीपलीकडे शेतांची मोजणी सुरू होईल," ती म्हणाली. "लेकीला कळव, अजून लांब घर मिळेल. तुझं ऊन तुला लखलाभ."

मग तिने कपड्यांच्या दोरीवरचे, ताईकडे धुवायला दिलेले स्वतःचे दोन कुडते खेचून काढले. ते अजून दमट होते.

"अगं, वाळू तरी दे," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

धाकटी ते ओलेच पिशवीत कोंबून जिना उतरली.