अकरा लेखांची टोपली

मी मिरच्यांची टोपली बोलतेय. नाकाला पदर लावा आणि ऐका!

धडगावकडच्या बांबूची मी. कालीबाईनं मला विणलं आणि कोरीटच्या भिकुबाईनं भरपूर घासाघीस करून बाजारातून घरी आणलं. वाळल्या मिरच्या पोटात घ्यायच्या, उन्हात बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिंकायला लावायचं. झकास चाललं होतं.

मग सन पस्तीस साली भिकुबाईचा मुलगा नवल पुण्याहून शेतीचं शिक्षण घेऊन आला. मिरचीची पानं का आकसतात, यावर आजवर छापलेल्या लेखांचा आढावा एका त्रैमासिकानं त्याला मागितला होता. आढावा पसंत पडला तर संपादकसाहेब नोकरी देणार होते. गडी हरखून गेला! प्रत्येक लेखाची एक चिठ्ठी केली, वाऱ्यानं त्या उडाल्या, म्हणून माझ्या मिरच्या ओतून चिठ्ठ्या माझ्यात भरल्या. काय अपमान हो! मीही कमी नाही. एकेक चिठ्ठी उचलताना तो चार-चार वेळा शिंकायचा.

आढावे तीन तऱ्हांचे, हे मला त्याच्या बडबडीतून कळलं. एक गोष्टीसारखा, अमका हे म्हणाला, मग तमका ते म्हणाला. दुसरा मोजणीचा, या बाजूला किती, त्या बाजूला किती. अकराच्या अकरा लेख म्हणत होते, जास्त पाण्यानं पान आकसतं. दोन दिवसांत दोन आढावे तयार! तिसरा मात्र झडतीचा. प्रत्येकाला विचारायचं, बाबा रे, तुला हे कुणी सांगितलं?

विचारता विचारता दहा लेख अकराव्यापाशी जाऊन थांबले. तो खुद्द संपादकसाहेबांचा, वीस वर्षांपूर्वीचा. त्यात लिहिलं होतं, 'कोरीट येथील भिकुबाई यांच्या सांगण्यावरून.'

नवलनं आईला वाचून दाखवलं. ती हसत सुटली. "तो सायेब उना, तवय मन्ही भाकर तव्यावर व्हती. पानी जास्ती हुयनं, असं सांगी दिधं. नईते भाकर जळी जाती!" म्हणजे भाकर वाचवायला तिनं साहेबांना काहीतरी सांगून दारातूनच वाटेला लावलं होतं!

"माय, ते अकरा जागी छापेल शे!"

"मंग तू खरं लिखी टाक."

म्हणायला काय जातंय? साहेबांचीच चूक दाखवायची म्हणजे नोकरीवर पाणी! नवलनं गोष्टीचा आढावा पाकिटात घातला, काढला, पुन्हा घातला. माझा तर जीव टांगणीला लागला. शेवटी त्यानं झडतीचा धाडला.

महिन्याभरानं दारात बैलगाडी थांबली. साहेब! नवल दाराआड सरकला. साहेब भिकुबाईला म्हणाले, "बाई, तेव्हा मी शेत न बघताच परत गेलो. आज दाखवता?"

"चाला. पन सांगी ठेवस, पान का आकसस ते माले माहीत नई."

साहेबांनी माझ्यातली एक कोरी चिठ्ठी उचलली, 'कारण अद्याप माहीत नाही' असं लिहिलं, खाली सही केली. "नवल, हे आढाव्याच्या शेवटी टाक. आणि सोमवारी कामावर रुजू हो."

आता माझं बूड गेलंय. कोंबडी अंडी उबवायला बसते, तिचाच काय तो सहवास. पण लिहिणाऱ्यांनो, जाता जाता विनवते, ठाऊक नसेल तर तसंच लिहा. लाज वाटते, कबूल. त्या दिवशी सही करण्याआधी साहेबांनीही पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं होतं.