सोवळ्यातली ज्योत

पिंपळखोरीच्या टेकाडावर दगडातून ज्योत निघत होती आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं तिच्यापुढं लोटांगण घालत होती. चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळी संपवून आलेली पोरं होती, पुंडलिकनगरहून गाड्या करून आलेल्या बायका होत्या, दौलताबादचा किल्ला बघायला निघून मधेच इकडं वळलेले पाहुणे होते. चौथऱ्यावर एक काळी शिळा, शिळेला भोक आणि भोकातून वीतभर उंच निळसर ज्योत. भोवती उदाधुपाचा एवढा धूर, की डोळ्यांतलं पाणी भक्तीचं की धुराचं हे भक्तांनाही सांगता आलं नसतं.

"ना तेल, ना तूप, ना वात!" ज्वालानंद महाराज गरजले. "सायन्सला विचारा, सायन्स चूप! ही धरतीमातेच्या पोटातली कॉस्मिक ऊर्जा आहे. इथं प्रलय आला तरी विझायची नाही. बोला, ज्वालामाई की..."

"जय!" सगळ्यात मोठा आवाज सांडूचा होता.

गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या आशाबाईनं नाकाला पदर लावला. सांडू तिचा नवरा. घरी पाण्याचा तांब्या उचलून घ्यायला याला कंटाळा, आणि इथं हा महाराजांची पायताणं राखत बसला होता. तिला त्याचा रागही आला आणि लाजही वाटली.

आशाबाई गावातली अंगणवाडीची बाई. टेकाडाच्या पायथ्याला गावाचा गोबरगॅस होता, तो तिनंच घरोघर फिरून, हातापाया पडून उभा केला होता. वरच्या आळीतली शेतकरी घरं आणि खालच्या अंगाची बौद्धवस्ती, दोघांची मिळून भागी. रोज सकाळी प्रत्येक घरानं शेणाची पाटी आणून कुंडीत टाकायची. त्याबदल्यात चुलीच्या जागी शेगडी पेटायची आणि उरलेली स्लरी, म्हणजे गॅस निघालेलं पातळ शेण, सीताफळाच्या बागांना जायची. रासायनिक खताच्या गोण्या घरात येणं बंद झालं होतं. बायकांचे खोकले थांबले होते.

पोळ्यानंतर महाराज गावात आले, टेकाडावर ज्योत प्रगटली आणि त्याच सुमाराला घरातल्या शेगड्या मंदावल्या. भाकर शेकायच्या आधीच जाळ बसायचा. बायका आशाबाईच्या नावानं बोटं मोडू लागल्या. महाराजांनी डोळे मिटून कारण सांगून टाकलं.

ते कारण सांडूनं जेवताना घरी आणलं. "माय कोपली म्हनं. शेणाचा इटाळ झालाय."

"शेणाचा इटाळ?" आशाबाईच्या हातातली पळी थांबली. "ज्या शेणानं सारवून आपण सोवळं करतो, त्याचाच?"

"तसं नाय गं. खालच्या वस्तीचं शेण एकाच कुंडीत पडतंय ना. महाराज म्हणाले, ते वेगळं काढा, नायतर गॅस आश्रमाला देऊन टाका. ते शुद्ध करून घेतील. दिवाळीनंतरच्या ऐतवारी गावसभेत ठरवायचंय."

"आन् तुम्ही काय म्हणालात?"

सांडूनं ताटात बघत भात कालवला. म्हणजे त्यानं मान डोलावली होती, हे आशाबाईला न सांगताच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वस्तीतली मुक्ताबाई कुंडीपाशी पाटी घेऊन उभी होती आणि महाराजांचा चेला कडूबा तिला आडवा झाला होता. हा कडूबा मूळचा नळफिटिंग करणारा. श्रावणात गोबरगॅसची पाईपलाईन त्यानंच दुरुस्त केली होती, आणि आता गळ्यात माळा घालून तो शुद्धाशुद्ध ठरवत होता.

"आशाताई," मुक्ताबाई शांतपणे म्हणाली, "माझ्या म्हशीला आता जातीचा दाखला काढावा लागतो व्हय? तहसीलला म्हशीचा फोटो चालंल का?"

आशाबाई हसली नाही. मुक्ताबाईही हसत नव्हती. भागी करताना सगळ्यात आधी अंगठा तिनं उठवला होता, कुंडीचा खड्डा खणायला तिच्या घरची माणसं सगळ्यात आधी आली होती. तीच आज स्वतःच्या कुंडीपासून पाटी परत नेत होती. ऐतवारी गावानं हो म्हटलं, की ही भागी संपणार होती आणि पुन्हा उभी राहणार नव्हती.

त्यातच दिवाळी आली. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत वरच्या आळीत अंगणाअंगणात शेणाच्या गवळणी घालायची रीत. डोक्यावर घागरी घेतलेल्या गवळणी, मधे पेंद्या, बाजूला गोठा, सगळं शेणाचं. घराघरातलं शेण अंगणात गेलं आणि कुंडीकडं कुणी फिरकलं नाही. खालच्या वस्तीचं शेण तर महाराजांनीच बंद पाडलेलं.

आणि टेकाडावरची ज्योत करंगळीएवढी झाली.

"तुमची श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले. सांडूनं घाबरून दोन नारळ जास्त फोडले.

पाडव्याच्या सकाळी आशाबाई गवळणींना झेंडूच्या पाकळ्या खोचत होती. खोचता खोचता तिचा हात थांबला. समोर अंगणभर शेण होतं. गोठाभर गाई, पाचपन्नास गवळणी, सगळं कुंडीत जाणारं शेण. आपण कुंडीत शेण टाकलं नाही, तर धरतीमातेनं उपास का धरावा? तिला श्रावणातला कडूबा आठवला, त्यानं उकरलेली माती आठवली आणि टेकाडावर जाळला जाणारा तो गाडीभर ऊद आठवला. गोबरगॅसला वास असतो. वास झाकायचा तर धूर हवाच.

ती तडक मुक्ताबाईकडं गेली.

ऐतवारी गावसभा चौथऱ्यापुढंच भरली. गवळणींचा सण उरकून शेण पुन्हा कुंडीत पडू लागलं होतं, त्यामुळं ज्योतीनं बाळसं धरलं होतं. महाराजांचा चेहरा तुपात घोळल्यासारखा दिसत होता. आशाबाई पुढं आली आणि तिनं वाकून नमस्कार केला. सांडूला वाटलं, बायको सुधारली.

"महाराज, अडाण्याचा प्रश्न हाय. ही ज्योत कशानंच विझत नाय?"

"वारा, पाऊस, प्रलय, कशानंही नाही!"

"इटाळानं?"

"बाई, अग्नीला कसला विटाळ? अग्नी विटाळ जाळून टाकतो!" महाराजांनी झोकात सांगून टाकलं. गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" असं म्हणून आशाबाईनं मोबाइल कानाला लावला. "मुक्ते, फिरव कॉक."

पायथ्याशी कुंडीजवळ उभ्या मुक्ताबाईनं मोठ्या पाईपचा कॉक बंद केला. वर थोडा वेळ काहीच झालं नाही. कुणी तरी फिदीफिदी हसलं. मग ज्योत थरथरली, खाली बसली आणि फप् करून गेली. शिळेला नुसतं भोक उरलं.

"कुणी तरी पापी..." महाराजांनी तोंड उघडलं.

"थांबा, माय परत आणते. मुक्ते, सोड!" भोकातून फुसफुस ऐकू आली. आशाबाईनं ओटीतून काडेपेटी काढली, काडी ओढली, आणि धरतीमातेची कॉस्मिक ऊर्जा भप्पकन पेटली. "बंद कर!" ज्योत गेली. "सोड!" पुन्हा काडी, पुन्हा ज्योत. "प्रलयाला न भिणारी तुमची माय माझ्या शेगडीसारखीच बटणावर चालती की हो! आता धुपाटणी बाजूला करा आन् वास घ्या."

वास सगळ्यांच्या ओळखीचा होता.

सांडू उठला. ज्योत विझवायला सांगून त्यानं पहार घातली आणि शिळा उलथली. खाली काळी नळी टेकाड उतरून सरळ गोबरगॅसकडं गेली होती. मागं बघितलं तर कडूबा वेशीपर्यंत पळाला होता. महाराज गाडीची किल्ली शोधत होते. जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव निघताच त्यांची समाधी लागली, ती पोलीस आल्यावरच उतरली.

"म्हणजे आमच्याच चुलीचा गॅस..." एक म्हातारी पुटपुटली.

"तुमच्याच चुलीचा, आन् तुमच्याच शेणाचा," आशाबाई म्हणाली. "वरच्या आळीचं आन् खालच्या वस्तीचं, एकत्र आंबलेलं. दोन महिने त्याच्यापुढं नाक घासलंत. आता सांगा, ज्योतीतला कोणता जाळ मुक्ताबाईच्या म्हशीचा होता? वेगळा काढून दाखवा, मग भागी मोडू."

माणसं एकेक करून उठली. सभा मोडली, भागी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाई पाटी घेऊन आली, तेव्हा कुंडीपाशी सांडू आपल्या घरची पाटी रिकामी करून उभा होता. ती लांबच थांबली. "सांडूदादा, आमचं कुठं टाकू? काही वेगळा कोपरा ठरलाय का?"

सांडूची मान खाली गेली. तो पुढं झाला, तिच्या डोक्यावरची पाटी त्यानं उतरवून घेतली, कुंडीत पालथी केली आणि कोपरापर्यंत हात घालून दोन्ही घरांचं शेण एकत्र कालवलं.

टेकाडावर त्या उलथलेल्या शिळेपाशी अजूनही एखादा हार पडलेला दिसतो. अशा भक्तांना काय म्हणावं! नळी डोळ्यांनी बघूनही ज्यांचे हात जोडलेलेच राहतात, त्यांच्यासाठी उद्या दुसरा महाराज येणारच आहे. तुम्ही तरी तसं करू नका. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी ते खाली घाला, दगड उचला आणि नळी कुठून आली आहे ते बघा. आणि चमत्कार करणारा जर शेजाऱ्याला लांब उभं करायला सांगत असेल, तर दगड उचलायचीही वाट बघू नका, त्याला तिथंच खोटा समजा.