थुंकलेला घोट

व्हिडिओत :

ताई एका कपातली कॉफी चमच्याने फुर्रकन ओढते, जिभेवर घोळवते आणि शेजारच्या भांड्यात थुंकते. मग दुसरा कप उचलते. तो मात्र तळाशी गाळ दिसेपर्यंत पिते. हसते. खाली अक्षरं येतात : ‘पिढीजात कॉफीवालीने स्वतःची कॉफी थुंकली, आमची संपवली.’

‘आमची’ म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीच्या नव्या कंपनीची. जव आणि खजुराच्या बिया भाजून केलेली. कॉफीचा दाणासुद्धा नसलेली कॉफी.

व्हिडिओत नसलेलं :

कॉफी चाखणारे थुंकतातच. सगळं गिळत बसले तर झोपेला कायमचा रामराम. बाबाही थुंकायचे, कॉफी कितीही फक्कड असली तरी. घरात सूट एकच होती. शिकणारीने भाजलेल्या पहिल्या कॉफीचा कप थुंकायचा नाही. करपलेला असो, कच्चा असो, संपवायचा. ताईचा बाबांनी संपवला होता, तोंड वाकडं न करता. धाकटी भट्टीजवळ फिरकलीच नाही; धुराने केसांना वास लागतो म्हणायची. तिचा कप राहून गेला होता. बाबांच्या माघारी तिने पहिल्यांदा जव भाजले, तेव्हा तो ताईने संपवला. डोळे भरून आले होते, म्हणून हसली.

“फोन कशाला लावलायस समोर?” तिने विचारलं होतं.

“आठवण गं. बाबा असते तर, म्हणून.”

व्हिडिओनंतर :

“ताई, मी ओळखतो हो तुम्हाला,” कॅफेवाला म्हणाला. बाबांपासूनचं गिऱ्हाईक. “पण लोक फोन पुढे धरून विचारतात, हिचीच कॉफी पाजता ना आम्हाला? जरा थांबू या थोडे दिवस.”

थांबू या म्हणजे काय, हे ताईला कळायला वेळ लागला नाही. दुसरेही थांबले. भट्टी अर्धीच भरू लागली.

तिने धाकटीला फोन केला. “काढून टाक ते.”

“आता माझ्या एकटीच्या हातात नाही गं. आणि खोटं काय आहे त्यात? थुंकलीस ना? प्यायलीस ना?”

खोटं काहीच नव्हतं. ताईने फोन ठेवला.

आज, व्हिडिओशिवाय :

धाकटी थर्मास घेऊन दुकानात आली. “नवीन केलीये. हवं तर शिव्या घाल, पण चव सांग. ऑफिसात तुझ्यासारखी जीभ कुणाला नाही.”

ताईने कपात ओतली. फुर्रकन ओढली, घोळवली, भांडं जवळ घेतलं. थुंकली.

“छान झालीये,” ती म्हणाली. “मागच्या वेळचा करपट वास गेला. आण बाजारात.”

ती मनापासून बोलत होती. धाकटीलाही ते कळत होतं. तरी ती भांड्याकडेच बघत राहिली.

“मग थुंकलीस का, ताई?”

“सगळ्यांचीच थुंकते,” ताई चमचा पुसत म्हणाली. “तू आता धंद्यातली झालीस.”

आणि उरलेला कप तिने बेसिनमध्ये ओतला.