खिसा असलेला शर्ट

तिनं शर्ट हँगरसकट दांडीवरून काढला आणि हात लांब करून समोर धरला. अख्ख्या भिंतीवर पाचसहाच शर्ट, प्रत्येकावर वेगळा दिवा. कपड्यांपेक्षा मोकळी जागाच विकायला ठेवल्यासारखं दुकान.

"कुणाला गं?" मागून वन्संनी विचारलं.

"तुमच्या लेकाला."

"तो? इस्त्रीच्या कपड्याला शिवत नाही तो!" वन्सं हसल्या आणि टोप्यांच्या टेबलाकडे वळल्या.

परदेशाच्या सहलीला दोघीच आल्या होत्या, नणंद-भावजय. नवरा गेल्यावर तिला माणसांत ठेवलं ते वन्संनीच. त्यामुळे वाचनालयातल्या ग्रंथपालांनी लग्नाचं विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "आधी वन्संना सांगते. त्यांचा चेहरा पडला, तर नको."

सांगायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. हॉटेल इतकं ऐटबाज की पहिल्या दिवशी खोलीच्या मधोमध न्हाणीचा टब बघून वन्सं म्हणाल्या, "अगं, ही खोली आहे की हौदाला भिंती घातल्यात?" हसण्यात संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी गच्चीतल्या टांगत्या वेताच्या खुर्चीत वन्सं बसल्या त्या अडकल्याच. शेवटी दोन माणसं बोलावून त्यांना उपसून काढावं लागलं. आता उद्या परतीचं विमान.

दुकानातली मुलगी जवळ आली. उंची केवढी, असं तिनं हातानंच विचारलं.

विचार करायच्या आत हिचा हात वर गेला, आपल्या डोक्याच्याही बराच वर, आणि तिथं थांबला. मग दोन्ही तळवे खाली येऊन रुंद खांद्यांएवढे एकमेकांपासून लांब झाले. हवेतच, पण कुठंही न अडखळता.

मान वळवली तर वन्सं बघत होत्या. डोक्यावर दुकानातली टोपी तशीच.

नवरा तिच्या कानाएवढा. लग्नाच्या फोटोत त्याला स्टुलावर उभं केलं होतं, ही गंमत वन्संच सगळ्यांना सांगत फिरायच्या. त्यांचा लेकही मामावरच गेलेला.

वन्सं तशाच वळल्या. दुकानाच्या आतल्या भागात निघून गेल्या. ती शर्ट परत लावू लागली, पण हँगर दांडीवर बसेचना.

वन्सं आल्या त्या दुसराच शर्ट घेऊन. फिका राखाडी.

"हा घे. त्या शर्टाला खिसा नाहीये. चष्मा कुठे ठेवतील ते?"

हँगर दांडीवर खट्‌कन वाजला.

"वन्सं... तुम्हाला कधी कळलं?"

"एक पुस्तक महिनाभर उशाशी ठेवणारी बाई दिवसाआड वाचनालयात जायला लागली. कळायला काय लागतं?" वन्सं खिशाच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. त्या खुर्चीत तर मी मुद्दाम अडकून बसले होते, बाई. निवांत बोलशील म्हणून. तर तू माणसं बोलावलीस!"

ती हसली का रडली, तिचं तिलाच कळलं नाही. वन्संनी टोपी मात्र पार डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

दुकानातल्या मुलीनं फीत उचलून दाखवली. भेट म्हणून बांधायचा?

वन्संनीच मान डोलावली.