एकतिसाव्या रांगेतल्या दोन जागा

नेडीन श्राग आणि मर्ल उन्रू यांचा घटस्फोट झाला तेव्हा न्यायाधीशांनी घर नेडीनला दिलं, ट्रक आणि बोट मर्लला दिली, आणि अमेरिकन फुटबॉलची मोसमाची दोन तिकिटं होती त्यातलं एकेक दोघांना वाटून दिलं. घराचा निकाल दहा मिनिटांत लागला होता, तिकिटांवर अख्खी दुपार गेली. दोघांपैकी एकही आपली जागा सोडेना. मग काय, पुढच्याच शनिवारी आमच्या बेलफर्ड विद्यापीठाच्या खेचरांचा सामना होता, आणि चार दिवसांपूर्वी कायद्याने वेगळे झालेले हे दोघे भाग नऊ, रांग एकतीस, जागा पाच आणि सहा इथे मांडीला मांडी लावून बसले होते. मागच्यापुढच्या रांगांनी सामना कमी आणि त्यांनाच जास्त पाहिलं.

संघाचं नाव खेचरं का, हे बेलफर्डात कोणी विचारत नाही. इथल्या माणसांकडे बघून ठेवलं असावं.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. सामन्याबाहेर दोघांचं बोलणं नाही. दुकानात समोर आले तर मर्ल टोपीला हात लावतो आणि नेडीन टोमॅटो निवडायला लागते. पण मोसमातल्या सात शनिवारी तो थर्मासातून दोघांची कॉफी आणतो, ती दालचिनीचे रोल आणते, आणि बोलणं फक्त खेळाचं. त्यातही एक सवय होती. आपला संघ चेंडू घेऊन समोरच्या गोलरेषेपासून दोन हातांवर आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं की नेडीन मर्लची बाही घट्ट पकडायची. चेंडू पलीकडे गेला किंवा हातचा गेला की सोडायची. लग्नाच्या आधीपासूनची सवय, घटस्फोटाच्या कागदात तिच्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून ती तशीच चालू राहिली.

जानेवारीत विद्यापीठाचं पत्र आलं. फार गोड भाषेत लिहिलं होतं, तेव्हाच नेडीनला शंका आली. निष्ठावान प्रेक्षकांचा सन्मान करायचा म्हणून सगळ्या जागा मोकळ्या करणार आणि नव्याने वाटणार. तिकीट तीनशे दहा डॉलर, पण ते विकत घेण्याचा हक्क मिळवायला दर जागेमागे पाचशेची देणगी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बरं, देणगी दिली म्हणून हवी ती जागा मिळेल असंही नाही. जागा निवडायचा क्रम निष्ठेच्या गुणांवर. सलग तिकीट घेतल्याचे वर्षाला दोन गुण आणि देणगीच्या दर शंभर डॉलरला एक गुण. मेन स्ट्रीटवरच्या दातांच्या डॉक्टरने, ज्याला खेचरांचा गणवेश कुठल्या रंगाचा हे बायकोला विचारावं लागतं, एका चेकमध्ये अडीचशे वर्षांची निष्ठा कमावली.

नेडीनकडे मात्र गुण नव्हते. अडतीस वर्षं ती त्या जागेवर बसली होती, बर्फात बसली होती, सलग अकरा सामने हरलो त्या साली बसली होती, पण जुनं खातं मर्लच्या नावावर. घटस्फोटात फ्रिज वाटला, कुत्रा वाटला, भिंतीवरचं घड्याळसुद्धा वाटलं. गुण वाटायचे असतात हे वकिलांनाही सुचलं नाही, तेव्हा त्यांना किंमतच नव्हती. त्यामुळे पहिली एकोणीस वर्षं मर्लच्या खात्यात राहिली आणि नेडीनची निष्ठा घटस्फोटापासून सुरू झाली. यादी आली त्यात मर्लची वेळ सकाळी नऊ वीसची होती. नेडीनची दुपारी दोन चाळीसची, शेवटून दुसरी तुकडी.

शाळेच्या बसवर तिच्यासोबत काम करणारी ट्वायला तिला रोज डिवचायची. पत्रात एक सोय होती. ज्यांना शेजारी बसायचंय त्यांनी गट करावा, पण गटाने यायचं ते सर्वांत कमी गुणवाल्याच्या वेळेला. खालच्याला वर चढता येत नाही, वरच्याला खाली उतरता येतं. ट्वायला म्हणायची, मर्लला फोन कर, म्हणावं उतर खाली. नेडीन म्हणायची, त्याने नऊ वीसची वेळ सोडून दोन चाळीसला यावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

"मला माझी जागा हवीय," ती म्हणाली. "शेजारी कोण बसतो याच्याशी मला काय करायचंय."

"अगं, त्या जागेवरून निम्मं मैदान दिसत नाही," ट्वायला म्हणाली. "वारा सरळ तोंडावर येतो. खांब आडवा येतो. तुझ्या त्या जागेत सोनं पुरलंय का?"

नेडीनने बसची चावी फिरवली. पण उत्तर तिला माहीत होतं. मर्ल सकाळी जागा पाच घेणार, दुपारपर्यंत सहावर कोणी दंतवैद्य बसणार, आणि सप्टेंबरात मोसम सुरू होऊन आपला संघ रेषेपासून दोन हातांवर आला की आपण हात कुठे ठेवायचा? याचंच तिला रडू येत होतं, आणि सहासष्टाव्या वर्षी बाहीसाठी रडायचं म्हणजे कमालच.

एप्रिलच्या त्या शनिवारी ती दोनलाच पोचली. जागावाटप म्हणजे आमच्याकडे अर्धी जत्राच. मोकळ्या जागेच्या पाठीला दोरीने पिवळी चिठ्ठी बांधलेली. आपल्या तुकडीचा पुकारा झाला की दहा मिनिटं. वर चढायचं, बसून बघायचं, आवडली तर स्वयंसेवक कात्रीने दोरी कापून चिठ्ठी हातात देतो, ती खाली टेबलावर नेऊन द्यायची. टेबलावर लेस्टर बॉग्ज, विद्यापीठाच्या बँडचा निवृत्त मास्तर. गळ्यात शिट्टी, एका हातात ध्वनिवर्धक, समोर स्टेडियमचा मोठा नकाशा. चिठ्ठी आली की नकाशावर फुली. कॅन्ससचा वारा सकाळपासून असा सुटला होता की लेस्टरने नकाशावर चार विटा ठेवल्या होत्या. त्याची टोपी अकरा वाजता उडाली ती परत मिळाली नव्हती, आणि ती उडाल्याची तक्रार तो येणाऱ्या प्रत्येकाकडे करत होता.

आणि टेबलाच्या पलीकडे, खालच्या बाकावर, थर्मास मांडीवर घेऊन मर्ल बसला होता.

नेडीनला आधी वाटलं, याला जागा मिळाली आणि आता हा फुशारकी मारायला थांबलाय. तिने विचारलं, नऊ वीसचा माणूस अजून इथे काय करतोय?

"वेळ सोडली," मर्ल म्हणाला. "तुझ्या तुकडीत नाव घातलं."

"का?"

मर्लने थर्मासाचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "सहा नंबरवर दुसरं कोणी बसलं तर कॉफी जास्त होते," तो म्हणाला.

एकोणीस वर्षांत हे त्याचं खेळाबाहेरचं पहिलं बोलणं. नेडीनने त्याला मूर्ख म्हटलं. पाच तास उन्हावाऱ्यात बसलास, नऊ वीसला गेला असतास तर निदान एक तरी जुनी जागा हातात राहिली असती! तिने वर पाहिलं. भाग नऊचं ते वायव्येचं टोक उघडंबोडकं होतं, एकतिसाव्या रांगेच्या कडेला पिवळं काही दिसत नव्हतं.

"गेल्या दोन्ही," मर्ल म्हणाला. "अकराला. इथूनच बघितलं मी."

"कोणी घेतल्या?"

"माणूस नाही दिसला. चिठ्ठ्या दिसेनाशा झाल्या एवढंच."

लेस्टरने शिट्टी मारली. दोन चाळीस.

वीसबावीस माणसं जिन्यावर एकदम तुटून पडली. मर्लचं कंबरेचं हाड नवीन बसवलेलं आणि नेडीनचे गुडघे जुनेच, पण त्या दिवशी दोघांनी तरुण पोरांना मागे टाकलं हे ज्याने स्वतः पाहिलं त्याच्याकडून मी ऐकलंय. चिठ्ठ्या होत्या, भरपूर होत्या, पण सगळ्या सुट्या. इथे एक, तिथे एक. जोड्या केव्हाच उचलल्या गेल्या होत्या. भाग चारमध्ये दोन जवळजवळ दिसल्या, जाऊन बघतात तर मधे खांब. दक्षिणेच्या टोकाला, सामन्यात बँडच्या मोठ्या तुताऱ्या बसतात त्याच्या मागे, खरोखरची जोडी होती. नेडीन पायऱ्या दोनदोन चढत निघाली आणि दहा पावलांवर असताना एकसारखी जॅकेटं घातलेलं एक जोडपं वरून उतरलं आणि बसलं. बाई नेडीनकडे बघून गोड हसली. नेडीनने पण हसून दाखवलं, ते कसं दिसलं कोण जाणे.

सहा मिनिटं गेली. मर्ल कठड्याला धरून उभा होता, चेहरा लाल झाला होता, पण डोळे असे चमकत होते की अंतिम सामन्यातलं शेवटचं मिनिट चालू असावं. खरं सांगायचं तर नेडीनलाही मजा येत होती. आणि तीही कोणासोबत तर मर्लसोबत.

भाग दहात, अगदी वरती, एकामागे एक अशा दोन जागा होत्या. मर्ल म्हणाला, तू पुढची घे, मी मागची घेतो, कॉफी वरून खाली देईन. नेडीनने पुढच्या जागेवर बसून हात मागे नेऊन बघितला. बाही लागत नव्हती.

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि तिच्या डोळ्यांसमोर, तीन जागा सोडून बांधलेली पिवळी चिठ्ठी टरकन फाटली आणि मैदानाकडे उडत गेली. दोरी तिथेच राहिली.

नेडीन त्या दोरीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "लेस्टरची टोपी किती वाजता उडाली?"

"अकराला. का?"

ती धावली. भाग दहाची कड, मधला जिना, भाग नऊ. एकतीस. जागा पाचच्या पाठीला दोरीची गाठ जशीच्या तशी, गाठीत पिवळ्या कागदाचा नखाएवढा कपटा. सहाच्या पाठीलाही तसाच. कात्री कुठे लागलीच नव्हती. या टोकाला वारा काय करतो हे अडतीस वर्षं तोंडावर घेतलेल्या माणसाला सांगायला नको होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सकाळपासून शेकडो माणसं खालून बघून, गेल्या म्हणून पुढे गेली होती.

पण हातात चिठ्ठी नाही. घड्याळात दोन मिनिटं. खाली टेबलापर्यंत सगळ्या पायऱ्या उतरायच्या तर दोघांपैकी एकाच्याही पायांत ते बळ उरलं नव्हतं.

मग नेडीन सहा नंबरवर उभी राहिली. तीस वर्षं साठ पोरांची बस जिने नुसत्या आवाजाने गप्प केली, तिने छाती भरून श्वास घेतला.

"लेस्टर! नऊ, एकतीस, पाच आणि सहा! चिठ्ठी वाऱ्याने नेली! नकाशा बघ!"

अख्खं स्टेडियम थांबलं. चिठ्ठ्या कापणारे थांबले, जॅकेटवालं जोडपं थांबलं. लेस्टरने मान वर केली, मग नकाशावर वाकला. एक वीट उचलली. दुसरी उचलली. बोट फिरवत राहिला. एवढा वेळ माणसाला एक चौकोन शोधायला लागतो का? मर्ल धापा टाकत पाचवर येऊन पोचला होता आणि त्याच्या ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललं होतं, प्रार्थना किंवा शिव्या.

लेस्टर सरळ उभा राहिला. त्याने दोन्ही हात ताठ डोक्यावर उंच केले, टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे गेला, की पंच करतो तसे.

खालून टाळ्या पडल्या. कोणीतरी खेचरासारखं खिंकाळलं, आमच्याकडे आनंद झाला की तसंच करतात. मर्ल मटकन जागा पाचवर बसला, नेडीन सहावर. दोघं इतकी हसत होती की कोणाला आधी ठसका लागला ते कळलं नाही.

शिट्टी वाजली तेव्हा लेस्टरचा आवाज ध्वनिवर्धकातून आला. जागा तुमच्या, पण मर्लने सकाळी गटाच्या फॉर्मवर एक रकाना कोरा ठेवलाय. नातं. तो म्हणाला होता, ती आली की सांगेल.

"शेजारी," नेडीन ओरडली.

लेस्टर म्हणाला, शेजारी चालत नाही. कुटुंब नाहीतर मित्र, छापलेलं एवढंच आहे.

नेडीनने मर्लकडे पाहिलं. मर्लने नीट विचार केला, तो प्रत्येक गोष्टीचा करतो तसा.

"मित्र म्हणणं जरा जास्तच होईल," तो म्हणाला. "अजून तेवढं जमलेलं नाही आपलं."

"नाही ना," नेडीन म्हणाली, आणि तिने खाली ओरडून सांगितलं, "मग कुटुंब लिही, लेस्टर."

मर्लने थर्मासाच्या झाकणात कॉफी ओतली. ती पाच तासांची थंडगार झाली होती आणि ओतताना थोडी सांडली, कारण समोरचं मैदान पूर्ण रिकामं होतं, चेंडू कुठेच नव्हता, आणि नेडीनने त्याची बाही अजून सोडली नव्हती.