पाठीच्या तळ्याची दोरी

“दोरी आधी रात्रभर भिजव बाबा, मग गाठी मार. कोरडी दोरी पाण्यात आखडते.” मला वळणाऱ्या म्हातारीने तरुण मोजणीदाराला हे दोनदा बजावलं होतं.

मित्रांनो, मी पाण्याची खोली मोजणारी एक जुनी दोरी आहे. टोकाला शिशाचं वजन आणि हाताहातावर एक गाठ. नवी कोरी होते तेव्हा मोजणीदाराच्या खांद्यावरून मी पाच दिवस डोंगर चढले आणि एका गोड्या पाण्याच्या तळ्याशी पोहोचले. तीन बाजूंना उभे कडे, चौथीकडे लव्हाळं. काठचे लोक त्याला ‘पाठीचं तळं’ म्हणत, कारण मधोमध पाण्याखाली खडकाची लांबच लांब पाठ होती.

मोजणीदाराला घाई होती. मी कोरडी असतानाच त्याने गाठी मारल्या. पाण्यात उतरताच मी आखडले, आणि पाठीवरच्या सहा हात पाण्यात माझ्या सात गाठी बुडाल्या. मला कळत होतं, पण दोरीला कुठली वाचा!

“सात हात! मावशी, भरलेल्या लाँचला साडेसहा लागतात, इथून ती जाईल. कसली पाठ न् कसलं काय!” तो हसला.

“तुमची दोरी काल आली साहेब,” होडी वल्हवणारी मावशी म्हणाली. “आमच्या पणज्यांनी काय गंमत म्हणून ठेवलं हे नाव?”

त्याने जुनं नाव खोडलं आणि नकाशावर लिहिलं, ‘निर्धोक सरोवर’. कचेरीत त्याची वाहवा झाली. मला काचेच्या कपाटात जागा मिळाली.

पुढच्याच वर्षी त्या नकाशाच्या भरवशावर एक मालाची लाँच पाठीवर आदळली. सुकाणूवर मावशीचा धाकटा दीर होता. तो सापडलाच नाही. मोजणीदार भेटायला गेला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आता तरी पाठ लिहाल ना?”

“लिहीन मावशी. पुन्हा येऊन मोजीन आणि लिहीन.”

पण वरचे साहेब म्हणाले, झालेला नकाशा बदलत नाही. नोकरीच्या भीतीने तो गप्प बसला. लाँच बंद झाली, विषयही बंद झाला. त्याने मला कपाटातून काढून घरी नेलं, आणि तिथे मी वर्षानुवर्षं खिळ्यावर धूळ खात राहिले. तो माझ्याकडे बघायचं टाळायचा.

परवा मावशीचं पत्र आलं. ‘पुढच्या महिन्यात नवी लाँच येतेय. नकाशा तोच आहे.’

काल त्याने माझी एकेक गाठ सोडली आणि मला बादलीत भिजत घातलं. आज पहाटे, ओली असतानाच, नव्या गाठी मारल्या.

“या गुडघ्यांनी डोंगर चढणार?” बायकोने विचारलं.

“पाचाचे दहा दिवस लागतील. लागू देत.”

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पाण्याला नाव देण्याआधी त्याच्या काठी राहणाऱ्यांना विचारा, एवढंच मागणं आहे.

त्याने मला गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि बाहेर पडून दार हळूच ओढून घेतलं.